सातबारा कंपनीचा, गाडी सरकारची

बडनेऱ्याच्या फलाटावर उभं राहिलं की वऱ्हाडातल्या रेल्वेचा अर्धा इतिहास डोळ्यांसमोर येतो. पूर्व-पश्चिम धावणारी मुंबई-नागपूर मुख्य लाईन, उत्तरेला अमरावतीकडे वळणारा दहाएक किलोमीटरचा फाटा, आणि त्याच दिशेने पुढे चांदूर बाजार, मोर्शी, वरूडवरून नरखेडला जाणारी नवी लाईन. उरलेला अर्धा इतिहास बघायचा तर पश्चिमेला चाळीसेक किलोमीटरवरच्या मूर्तिजापूरला उतरावं लागतं. तिथे मुख्य लाईनच्या दोन्ही बाजूंना अरुंद रूळ फुटतात. उत्तरेचे अचलपूरला जातात, दक्षिणेचे यवतमाळला. सगळे मिळून १९० किलोमीटर. त्यांच्यावर आज गाडी नाही. बऱ्याच ठिकाणी बाभळी आहेत.

हे दोन्ही फाटे एकाच मुख्य लाईनला जोडलेले, एकाच कापसासाठी टाकलेले. दोन्हींवर गाड्या चालवल्या त्या आधी जीआयपी रेल्वेने आणि नंतर मध्य रेल्वेने. तरी अमरावतीहून आज थेट मुंबईची गाडी सुटते आणि अचलपूरहून काहीच सुटत नाही. लोक याचं खापर पुढाऱ्यांवर फोडतात. त्यात तथ्य आहेच. पण मूळ शोधत गेलं तर ते जमिनीच्या कागदात सापडतं.

वऱ्हाड १८५३ साली निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आलं. बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडीही त्याच वर्षी एप्रिलमध्ये धावली. पुढच्या दशकात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. तिथला कापूस मँचेस्टरला मिळेनासा झाला आणि तिथल्या गिरणीवाल्यांची नजर वऱ्हाडच्या काळ्या जमिनीवर पडली. तेव्हा ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, म्हणजे आपली जीआयपी, भुसावळकडून नागपूरच्या रोखाने रूळ टाकत होती. १८६७ साली लाईन नागपूरला पोचली. वाटेत अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा, चांदूर, धामणगाव, पुलगाव ही स्टेशनं झाली आणि बघता बघता जिन-प्रेसची गावं बनली. पण कापसाच्या दोन मोठ्या पेठा लाईनपासून बाजूला राहिल्या होत्या, खामगाव आणि अमरावती.

त्यांच्यासाठी सरकारने स्वतःच फाटे टाकले. जलंब-खामगाव फाटा १८७० साली सुरू झाला. त्यासाठी खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावला आला होता. पाठोपाठ बडनेरा-अमरावती फाटा झाला. दोन्ही मुख्य लाईनच्याच रुंदीचे, साडेपाच फुटी. चालवायला जीआयपीकडे, मालकीने सरकारी. पुढे ते जीआयपीत इतके मिसळून गेले की कधीकाळी त्यांची वेगळी नावं होती हे फक्त जुन्या गॅझेटियरला ठाऊक. अमरावतीत भरलेली कापसाची गाठ बडनेऱ्याला डबा न बदलता थेट मुंबईच्या गोदीत जायची. ही बाब आज किरकोळ वाटते. पुढे काय झालं ते पाहिलं की तिचं मोल कळतं.

आता अचलपूर आणि यवतमाळ. अचलपूर, तेव्हाचं एलिचपूर, ही वऱ्हाडची जुनी राजधानी. शेजारी परतवाड्याची छावणी, मागे मेळघाटचं सागवान आणि बांबू. यवतमाळ, दारव्हा, कारंजा ही कापसाची गावं. लाईन हवी अशी ओरड जुनी होती, पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सरकारचं धोरण बदललेलं होतं. फाट्यांवर सरकारी पैसा घालायचा नाही, खाजगी कंपन्यांना पुढे करायचं. जमीन सरकार फुकट देईल, रूळ कंपनीने टाकावेत, गाड्या मोठ्या रेल्वेने चालवाव्यात, आणि जमलेल्या उत्पन्नातून खर्चापोटी ठरलेला हिस्सा कापून उरलेला कंपनीला द्यावा. धंद्याच्या भाषेत सांगायचं तर जोखीम कमी आणि भाडं कायमचं.

मुंबईच्या किलिक, निक्सन आणि कंपनीला असल्या धंद्याची चांगली जाण होती. १८५७ साली स्थापन झालेल्या या व्यापारी पेढीच्या व्यवस्थापनाखाली गुजरातेतही रेल्वे कंपन्या होत्या. तिने १९१० मध्ये सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी काढली. लंडनच्या भारतमंत्र्याशी करार झाला आणि १९१३च्या सुमारास मूर्तिजापूरहून दोन्ही दिशांना अडीच फुटी नॅरोगेज सुरू झाली. उत्तरेला दर्यापूरजवळचं बनोसा, अंजनगाव, पथ्रोट, अचलपूर, सुमारे ७७ किलोमीटर. दक्षिणेला कारंजा, दारव्हा, लाडखेड, यवतमाळ, सुमारे ११३ किलोमीटर. थोड्याच वर्षांत, १९१७ला, याच कंपनीची पुलगाव-आर्वी लाईन झाली. दारव्ह्याहून पुसदलाही एक फाटा गेला होता, तो पुढे उखडला गेला.

अडीच फूट का? स्वस्त म्हणून. रूळ हलके, वळणं आवळ, पूल बारके, मातीकाम कमी. कंपनीने भांडवल वाचवलं, पण त्या बचतीची किंमत मूर्तिजापूरच्या यार्डात रोज मोजावी लागली. यवतमाळहून आलेली प्रत्येक गाठ नॅरोगेजच्या वॅगनमधून उतरवायची, हमालांच्या पाठीवरून पलीकडे न्यायची आणि ब्रॉडगेजच्या वॅगनमध्ये भरायची. अंजनगावच्या विड्याच्या पानांसारखा नाशवंत माल असेल तर हा खोळंबा आणखी जड. मूर्तिजापूरला त्यामुळे हमाली वाढली, चहाची दुकानं वाढली, नॅरोगेजचं लोकोशेड आलं, गाव मोठं झालं. पण गेज बदलण्याचा हा भुर्दंड लाईनच्या गळ्यात जन्मापासून बांधलेला होता. बैलगाडीशी स्पर्धा होती तोवर तो खपला. ट्रक आला आणि दारव्ह्याच्या जिनातून निघालेली गाठ एकदाच भरून थेट ठिकाणावर पोचू लागली, तेव्हा नाही खपला.

आता करारातलं सगळ्यात महत्त्वाचं कलम. लाईन विकत घेण्याचा हक्क सरकारला होता, पण केव्हाही नव्हे. ठरावीक मुदत संपली की, साधारण दहा वर्षांनी एकदा, ती संधी उघडायची. तेव्हा घेतली नाही तर करार पुन्हा पुढच्या मुदतीपर्यंत चालू. पुढच्या शंभर वर्षांची गोष्ट या एका कलमाभोवती फिरते.

विलीनीकरणाची पहिली लाट आली ती इंग्रजांच्याच काळात. खुद्द जीआयपी १९०० साली सरकारने विकत घेतली होती, मात्र कारभार कंपनीच्याच हाती ठेवला होता. १९२० मध्ये नेमलेल्या अ‍ॅक्वर्थ समितीने रेल्वेचा कारभार सरकारने स्वतः पाहावा असं सुचवलं, आणि फाट्यांच्या नव्या कंपन्यांना उत्तेजन देऊ नये असंही. जुलै १९२५ मध्ये जीआयपी सरकारच्या थेट कारभाराखाली आली. फाटा कंपनीची पद्धत चुकीची होती हे त्या काळीच कळलेलं होतं. नव्या कंपन्या थांबल्या. आधी झालेल्यांचे करार मात्र जसेच्या तसे राहिले.

दुसरी लाट स्वातंत्र्यानंतर. देशात तेव्हा लहानमोठ्या चाळीसहून अधिक रेल्वे व्यवस्था होत्या, प्रत्येकीचे नियम वेगळे, दर वेगळे. त्यांचे विभाग पाडायचं ठरलं आणि ५ नोव्हेंबर १९५१ रोजी मध्य रेल्वे जन्माला आली. जीआयपी, निजाम स्टेट रेल्वे, शिंदे सरकारची ग्वाल्हेरची रेल्वे आणि चिमुकली धोलपूर रेल्वे तिच्यात आल्या. बडनेरा, अमरावती, खामगाव हे सगळं जीआयपीबरोबर आपोआप नव्या संसारात गेलं. मूर्तिजापूरच्या अरुंद रुळांवरची इंजिनं गेली, डबे गेले, गार्ड, ड्रायव्हर, पॉइंट्समन गेले, तोटाही गेला. रूळ मात्र गेले नाहीत. ते सरकारचे नव्हतेच. मध्य रेल्वे जीआयपीच्या जागी करारातली चालवणारी झाली, एवढाच फरक. जमीन कसणारा एक आणि सातबारा दुसऱ्याच्या नावावर, अशी ती स्थिती. कुळकायद्याने विदर्भातल्या कितीतरी कुळांना जमिनी मिळाल्या, मध्य रेल्वेला हे १९० किलोमीटर मिळाले नाहीत.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. भारत अजून ब्रिटिश कंपनीला रॉयल्टी भरतो, ही शकुंतलेची, म्हणजे या नॅरोगेजवरच्या गाडीची, सगळ्यात गाजलेली बातमी. दर दोन-चार वर्षांनी ती कुठेतरी छापून येते, कोटीच्या आकड्यासह, आणि आपण सगळे मिळून चिडतो. वस्तुस्थिती तितकी नाट्यमय नाही. किलिक निक्सनचा कारभार स्वातंत्र्यानंतर भारतीय हातांत गेला आणि सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी ही मुंबईचीच. लंडनला कुणी पैसे पाठवत नव्हतं. प्रश्न देशाभिमानाचा नव्हता, मालकीचा होता. चुकीच्या शत्रूवर संतापत बसल्याने खऱ्या कलमाकडे दुर्लक्ष झालं, असं माझं मत आहे.

मालकी कुणाची याने काय फरक पडतो, हे पाहायला फार लांब जायला नको. बार्शी लाईट रेल्वे घ्या. तीही खाजगी कंपनीची, तीही बरोबर अडीच फुटी. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंजिनिअरने १८९७ साली बार्शी रोड, म्हणजे आजचं कुर्डुवाडी, ते बार्शी अशी ती सुरू केली आणि पुढे एका बाजूला लातूर, दुसऱ्या बाजूला पंढरपूर-मिरजेपर्यंत नेली. १ जानेवारी १९५४ला सरकारने ती विकत घेऊन मध्य रेल्वेत घातली. त्यानंतर कित्येक वर्षं तीही रडतखडतच चालली. लातूरकरांना विचारा. पण १९९२ मध्ये देशभर एकच गेज करण्याचं धोरण आलं, तेव्हा ती रेल्वेची स्वतःची मालमत्ता होती. पैसा घालायला कायद्याची आडकाठी नव्हती. या शतकाच्या सुरुवातीला टप्प्याटप्प्याने तिचं ब्रॉडगेज झालं आणि लातूरहून मुंबईची गाडी थेट धावू लागली. शकुंतला तोवर फक्त वाफेच्या इंजिनावरून डिझेलवर आली होती.

बंगालमध्येही असंच. मॅक्लिऑड कंपनीच्या अहमदपूर-कटवा आणि बांकुडा-दामोदर या नॅरोगेज लाईनी १९६६-६७ मध्ये सरकारने घेतल्या. आज तिथे ब्रॉडगेज आहे. मार्टिन कंपनीची हावडा-आमता लाईन कुणी घेतली नाही. ती १९७१ साली बंद पडली आणि रेल्वेने पुढे नव्याने मोठे रूळ टाकले. म्हणजे एक तर विकत घ्यायचं, नाहीतर मरू द्यायचं आणि नवं बांधायचं. वऱ्हाडात यांपैकी काहीच झालं नाही. गाडी चालू राहिली आणि कागद जुनाच राहिला. जगवलंही नाही, सोडलंही नाही.

का घेतली नाही? उत्तर साधं आहे, तोटा. दर दहा वर्षांनी हिशेब मांडला जायचा आणि तो आतबट्ट्याचाच निघायचा. साठच्या दशकाअखेर रेल्वेने तोट्यातल्या फाट्यांचा विचार करायला समितीच नेमली होती. त्या चष्म्यातून पाहिलं तर खड्ड्यात चाललेली लाईन पैसे देऊन विकत घेणं वेडेपणाचं. पण तोटा का होता, हा प्रश्न त्या हिशेबात बसत नव्हता. दुसऱ्याच्या मालकीच्या रुळांवर रेल्वे भांडवल घालणार नाही. आणि गाडी चालवणं ज्याच्या हाती नाही तो मालक तरी कशाला घालील? दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवावं अशी करारानेच सोय करून ठेवली होती. स्लीपर कुजले, पूल थकले, वेग ताशी वीस किलोमीटरवर आला. गाडी हळू म्हणून उतारू कमी, उतारू कमी म्हणून तोटा, तोटा म्हणून खरेदी नाही.

दरम्यान तिच्या खालून माल निसटला. १९७२ मध्ये महाराष्ट्र सरकारने कापूस एकाधिकार खरेदी योजना आणली. खरेदी केंद्रं तालुक्या-तालुक्यात झाली आणि बैलगाड्यांपाठोपाठ ट्रक-ट्रॅक्टर लागले. शकुंतला ज्या कापसासाठी जन्मली होती तो आता डांबरी रस्त्याने जाऊ लागला. उरले ते उतारू, तेही गरिबातले. एसटीचं तिकीट परवडत नाही असे शेतमजूर, शाळकरी पोरं, भाजीच्या पाट्या घेतलेल्या बाया, लग्नाला निघालेली बिऱ्हाडं. एसटीच्या तिकिटाच्या तुलनेत भाडं इतकं कमी की वेळ हाताशी असेल त्याला गाडीच परवडायची.

ती चालायची कशी, हे आता सांगितलं तर नव्या पिढीला खोटं वाटेल. बऱ्याच स्टेशनांवर मास्तर नाही, तिकीटबाबू नाही. गार्डच उतरून तिकिटं फाडायचा. रस्ता आडवा आला की गाडी थांबायची, रेल्वेचाच माणूस खाली उतरून फाटक लावायचा, गाडी पुढे सरकली की फाटक उघडून पुन्हा चढायचा. सिग्नल नावाची वस्तू नावापुरतीच. रुळांवर एकच गाडी, धडक होणार कुणाशी? रेल्वेखात्याच्या दृष्टीने हा मागासलेपणा. मला मात्र त्यात एक वेगळी गोष्ट दिसते. कमीत कमी माणसांत, कमीत कमी खर्चात लहान लाईन कशी जगवता येते, याचा हा धडा होता. तो कुणी मनावर घेऊन नीट लिहूनही ठेवला नाही.

१९२१ साली मँचेस्टरला बनलेलं झेडडी जातीचं वाफेचं इंजिन सत्तर वर्षं ही गाडी ओढत होतं. १५ एप्रिल १९९४ रोजी ते निवृत्त झालं आणि डिझेल लागलं. छायाचित्रं निघाली, परदेशी रेल्वेवेडे येऊन गेले. वेग मात्र वाढला नाही. वेग रुळांचा असतो, इंजिनाचा नव्हे.

मग गेल्या दशकात गाड्या आचके देऊ लागल्या. काही दिवस बंद, पुन्हा चालू, पुन्हा बंद. २०१६ मध्ये तत्कालीन रेल्वेमंत्री सुरेश प्रभू यांच्या काळात ब्रॉडगेजसाठी सुमारे १,५०० कोटी रुपयांची बातमी आली आणि मूर्तिजापूर ते यवतमाळ फटाके फुटले. त्याच सुमारास यवतमाळची गाडी थांबली. अचलपूरची थोडी जास्त रखडली, मग तीही गेली. रूळ चोरीला जाऊ लागले. अचलपूर, अंजनगावच्या बाजूला सत्याग्रह झाले, निवेदनं गेली, स्टेशनांवर लोक जमले. ‘शकुंतला कवा सुरू होईन?’ हा प्रश्न पथ्रोटच्या पारावर आजही विचारला जातो, आणि विचारणारा बहुतेक वेळा गाडीत बसून शिकायला गेलेला असतो.

याच वर्षांत बडनेऱ्याचं चित्र उलट होतं. बडनेरा-नरखेड ही सुमारे १३८ किलोमीटरची संत्रापट्ट्यातली लाईन नव्वदच्या दशकात मंजूर झाली, वीसेक वर्षं रखडली, पण पूर्ण झाली. नवं अमरावती स्टेशन झालं. बडनेऱ्याला वॅगन दुरुस्तीचा कारखाना आला. अकोल्याहून पूर्णेकडे जाणारी मीटरगेज २००८च्या सुमारास ब्रॉडगेज झाली, अकोल्याहून अकोटपर्यंतही झाली. तिथून पुढे खांडव्याकडे मेळघाटचा व्याघ्र प्रकल्प आडवा आला, म्हणून अडली. अडली तरी भांडणाचा मुद्दा वाघ आणि जंगल हा होता, मालक कोण हा नव्हता. सरकारची मालकी असलेल्या प्रत्येक लाईनला वऱ्हाडात आज ना उद्या दिवस दिसला.

यवतमाळने तर शकुंतलेची वाट बघणं सोडून दुसऱ्या दिशेने रेल्वे आणली. वर्धा-यवतमाळ-नांदेड ही २८४ किलोमीटरची नवी लाईन मंजूर झाली आणि तिचा वर्धा-कळंब हा पहिला टप्पा २८ फेब्रुवारी २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते सुरू झाला. पंधरा वर्षं लागली, जमिनी नव्याने घ्याव्या लागल्या, पूल नव्याने बांधावे लागले. ही सगळी जमीन नवी, मालकी सरकारची. मूर्तिजापूरकडून यवतमाळला येणारी जमीन शंभर वर्षांपासून रेल्वेसाठीच राखलेली आहे. तिच्यावर दुसरं काही होऊ शकत नाही आणि रेल्वेही होत नाही.

त्यामुळे या प्रश्नाला आता भावनेपेक्षा वकील जास्त लागतील. शकुंतला वाचवा ही घोषणा ऐकायला बरी, पण वाचवायचं काय, हे ठरलं पाहिजे. अडीच फुटी गाडी परत येणार नाही, येऊही नये. वाचवायचा आहे तो मूर्तिजापूर ते अचलपूर हा सलग पट्टा. तो दर्यापूर, अंजनगाव, पथ्रोटवरून जातो, म्हणजे अमरावती जिल्ह्याच्या ज्या भागाला दुसरी लाईन नाही त्याच भागातून. अमरावती, अकोला आणि यवतमाळ-वाशिम या तिन्ही लोकसभा मतदारसंघांतल्या खासदारांना पुढच्या निवडणुकीत विचारायचा प्रश्न एकच आहे. गाडी कधी सुरू होणार, असं विचारू नका. सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीच्या कराराची आजची कायदेशीर स्थिती काय, आणि खरेदीचा प्रस्ताव कोणत्या टेबलावर आहे, ते लेखी मागा.